ढुमतात्यांचं हलकं डोकं

ढुमतात्यांना गाणं कानांनी ऐकू येत नसे, बुडाने येत असे. चेष्टा नाही करत. आमच्या बेंजो पार्टीत ते बेस गिटार वाजवत आणि वाजवताना स्वतःच्याच ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर मांडी ठोकून बसत. खोका थरथरला की त्यांना ताल कळायचा. कान केव्हाच कामातून गेले होते. ही गोष्ट सरळगावपासून किन्हवलीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती कुणालाच ठाऊक नाही असं फक्त तात्यांना वाटायचं.

बेसचा प्रत्येक सूर त्यांच्या लेखी ‘ढुम’. म्हणून नाव ढुमतात्या. लग्नात लोक बेंजोवर नाचतात, ऑक्टोपॅडवर शिट्ट्या मारतात, बेसकडे कुत्रंही बघत नाही. तात्यांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणत, “बाकी सगळा लोणचं-पापड. ढुम हाय तो भात. लोणच्यावर कोन जेवतो काय रे?” मी कीबोर्ड वाजवायचो, म्हणजे त्यांच्या हिशेबाने पापड.

त्यांचा खोका म्हणजे कॉम्बो. खाली स्पीकर, आणि त्याच लाकडी खोक्यात वर बसवलेला ॲम्प्लिफायर. त्या ॲम्प्लिफायरला धंद्यात हेड म्हणतात. तात्या त्याला ‘डोकं’ म्हणत आणि स्पीकरच्या भागाला ‘पोट’. एका साखरपुड्यात ते जुनं हेड धूर सोडून गेलं. तात्यांनी लगेच घरी फोन लावला. “माझा डोका उडाला गो. जळलाच पार. पोट चांगला हाय, टेम्पोत ठेवलाय. नवा डोका टाकायला लागंल.” पलीकडून काकी जे काही ओरडल्या ते त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही. आम्ही घरी पोचलो तर दाराला कुलूप, आणि काकी शेजारच्या चार बायका घेऊन मुरबाडच्या दवाखान्यात शहाळं घेऊन बसलेल्या. नंतर आठवडाभर त्या तात्यांशी बोलल्या नाहीत. तात्यांना ते कळलं की नाही, देव जाणे.

खरी पंचाईत निराळीच होती. पार्टीचा मालक बाळू, बेंजो तोच वाजवायचा. तात्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला, पण धंद्याला पक्का. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, “कीबोर्डवर डाव्या हाताने बेस मारतात आता सगळे. किन्हवलीच्या लग्नाला बघू. म्हातारा नीट वाजला तर ठीक, नायतर पुढच्या सुपारीपासून बेस तू मार.” माझ्या डाव्या हाताला त्या दिवसापासून घाम फुटू लागला. तात्यांची जागा घ्यायची म्हणजे तात्यांना घरी बसवायचं, आणि घरी बसलेला ढुमतात्या मला डोळ्यांसमोर आणवत नव्हता.

नवीन हेड कल्याणहून आणलं. जुनं दोघांना उचलावं लागे, हे एका हातात मावलं, जेवणाच्या डब्याएवढं. तात्यांनी ते तळहातावर तोललं आणि तोंड वाकडं केलं. “इतका हलका डोका? हलक्या डोक्याच्या मानसाचा काय खरा असतो का?” मी म्हटलं, हल्ली हलकीच असतात. “मानसा पन,” ते म्हणाले.

त्यांच्या ओटीवर बसून आम्ही दोघांनी ते बदललं. वरचे स्क्रू काढले, स्पीकरची वायर सोडवली, जुनं धूड खेचून बाहेर काढलं. नव्याला पोट झेपेल ना, हे दुकानदाराला आधीच विचारून घेतलं होतं. वायर जोडली, हेड आत सरकवलं, तर ते त्या पोकळीत खडखडायला लागलं, एवढी जागा उरली होती. मी म्हटलं, प्लायवूडचा तुकडा कापून आणतो. पण आमच्याकडे आंब्यापासून टीव्हीपर्यंत सगळं पेंढ्यात भरायची रीत. मी सुताराकडे जाऊन येईपर्यंत तात्यांनी गोठ्यातून भाताचा पेंढा आणून चहूबाजूंनी ठासून भरला होता. मी म्हटलं, “तात्या, पेट घेईल हे.” त्यावर उत्तर आलं, “दुकानदार बोलला ना, नवा डोका थंड असतो. आनि पेंढ्यात काय पन सुखरूप ऱ्हातं. तू पन लहानपनी पेंढ्यातच झोपायचास.” मी प्लायवूडचा तुकडा बाजूला ठेवला.

किन्हवलीच्या बाजूला एका पाड्यावर दुपारचं लग्न होतं. मांडवाच्या कडेला आम्ही बसलो. नवीन हेडचा आवाज काचेसारखा स्वच्छ. बाळूने खूश होऊन मान डोलावली. पण तात्यांचा चेहरा मला नीट दिसत होता, आणि तो उतरला होता. पेंढ्याने सगळी थरथर गिळून टाकली होती. ज्याच्यावर ते बसले होते तो खोका त्यांच्यापुरता मुका झाला होता. पहिल्याच गाण्यात ते मागे पडले, मग घाईघाईने पुढे धावले. नाचणारे एकमेकांच्या पायांवर पाय द्यायला लागले. नवरदेवाच्या मामाने तर नाच सोडून कंबर धरली. बाळूने माझ्याकडे पाहून डाव्या हाताची खूण केली. मी हात कीबोर्डवर ठेवला. तो पुढे जाईना.

तेवढ्यात मांडवामागून एक शेळी आली. कुणाची होती कोण जाणे. तिला खोक्याच्या मागून डोकावणारा पेंढा दिसला. तिने एक घास ओढला, तो आवडला, मग ती बैठक मारल्यासारखी जेवायलाच लागली. मी बघत होतो आणि हाकलत नव्हतो. नवं डोकं मोकळं होऊन खडखडायला लागलं, खोका थरथरायला लागला, आणि तात्या एकदम ताठ झाले. दोन ढुम हुकले, तिसरा बरोबर समेवर पडला. त्यानंतर त्या म्हाताऱ्याने असा काही भात वाढला की मामांची कंबर सुटली. उठताना त्यांनी वळून शेळीला पाहिलं आणि म्हणाले, “पाव्हन्यांनी जेवायला तरी घातला का हिला?”

असे ते टिकले. पण कान बिघडतात तसं बूडही थकतं. पुढच्या मोसमात खोका हादरला तरी त्यांचा ताल निसटायला लागला. एका सकाळी टेम्पो त्यांच्या दारात उभा राहिला, तर ते गिटार न घेताच बाहेर आले. हातात टॉवेलात गुंडाळलेलं हेड. ते त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. “तुला घे. मी नाय येत.”

बाळू खाली उतरला. “काय झालं तात्या, तब्येत बरी नाय का तुमची?”

“बघ, ‘तुमची’ बोलतो,” तात्या मला म्हणाले. “ह्याचा नाक पुसून वाढवला मी ह्याला. जल्मभर मला अरे-तुरे केला. चुकलो का मांडवात आई-बाप काढायचा. आता चुकलो तरी बोलतो, तात्या तुमी बसा आरामात. मला आयकाया नाय येत, पन एवढा समजतो. आपला टाइम झाला.”

बाळूने श्वास घेतला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा भडकला. “म्हाताऱ्या, परवा धसईला अख्खं गानं मागं वाजवलंस तू. नवऱ्याचा घोडा पन अडखळला. माझी लाज काढलीस. आनि आता ऐन टायमाला नाटकं करतोस? चढ गाडीत, नायतर उचलून टाकतो.”

तात्यांना त्यातलं अक्षर न् अक्षर ऐकू आलं. “असा बोल ना मग,” ते म्हणाले, आणि गिटार आणायला आत गेले.

तो सगळा मोसम ते वाजवत राहिले, चुकत राहिले, आणि बाळू प्रत्येक चुकीला त्यांचा उद्धार करत राहिला. दिवाळीनंतर पुन्हा सुपाऱ्या यायला लागायच्या आतच ते झोपेत गेले. मला फार रडू आलं. बाळूला तर धरून ठेवावं लागलं.

आता बेस मीच वाजवतो, डाव्या हाताने, त्याच हलक्या डोक्यावर. चुकलो की बाळू माझ्या सात पिढ्या बाहेर काढतो आणि मी निर्धास्त असतो. पण परवा आटगावच्या लग्नात एक अख्खं कडवं माझ्या हातून वाहून गेलं. बाळूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, गोड हसला आणि म्हणाला, “तुमी जरा पानी प्या, दादा.” तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.