अर्धा तास

चावी फिरवण्याआधी ते डोक्यावरची टोपी काढायचे, मांडीवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. ओठ हलायचे, आवाज नसायचा. मग टोपी पुन्हा डोक्यावर आणि गाडी सुरू. गाडी म्हणजे रुग्णवाहिका. मागे कोणी विव्हळत असायचं, कोणाचे नातेवाईक पत्र्यावर थापा मारत असायचे आणि आमचे ड्रायव्हर डोळे मिटून बसलेले. तुम्ही तिथे असतात तर चिडला असतात. मीही चिडले होते.

पोलादपूरच्या रुग्णालयात मी नर्स म्हणून लागले, त्याच आठवड्यातली गोष्ट. आंबेनळी घाटातल्या एका वाडीवरचा माणूस झाडावरून पडला होता. त्याचा भाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. टोपी मांडीवर गेलेली पाहून तो म्हणाला, "अवो, झोपलात काय? देवाला मागनं सांगा, आधी गाडी हाकवा."

"गाडी देवच हाकतो," ते म्हणाले. "मी नुसते ब्रेक मारतो."

त्या दिवशी घाट उतरताना मांडीचं हाड मोडलेला तो माणूस एकाही वळणावर ओरडला नाही. पुढे मी एकदा घड्याळाकडे पाहत बसले. सलाइनची बाटली अडकवून रुग्णाचा पट्टा बांधायला मला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात त्यांची प्रार्थना उरकलेली असायची.

रुग्णालयात सगळे त्यांना फादर म्हणत. ते नगरकडचे ख्रिस्ती. "फादर कॅथलिकांचे. आम्ही प्रोटेस्टंट," असं ते प्रत्येक नव्या माणसाला शांतपणे समजावून सांगत आणि नवा माणूस दुसऱ्या दिवसापासून त्यांना फादरच म्हणू लागे. मी काका म्हणायचे. पोलादपुरात ख्रिस्ती घर त्यांचं एकच असावं. रविवारी नवरा-बायको एसटीने महाडला जात. तिथे औद्योगिक वसाहतीत कामाला आलेली पाच-सहा कुटुंबं एका भाड्याच्या खोलीत उपासनेला जमत.

पूर्वी म्हणे ते मोठ्याने प्रार्थना करत. एका रुग्णाच्या नातेवाइकाने तक्रार केली की हा माणूस आजाऱ्यांना बाटवतो. साहेबांनी बोलावून समज दिली, तेव्हापासून आवाज बंद झाला. हे ऐकून मला वाईट वाटलं, तर म्हणाले, "देवाला काही कमी ऐकू येत नाही, सिस्टर."

मी महाडची, बौद्ध. आमच्या घरात देव्हारा नाही आणि कोणाकडे काही मागणंही नाही. हे मी त्यांना पहिल्या महिन्यातच सांगून टाकलं. त्यावर त्यांनी कधी वाद घातला नाही. बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात येऊन खीर खायचे आणि नाताळात बायकोच्या हातच्या करंज्यांचा डबा आणून द्यायचे.

बायको शिवणकाम करायची. उंच, मोठ्याने हसणारी. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. कोणी हळहळलं की ती म्हणायची, "सारेला नव्वदीत झालं. मला अजून पुष्कळ वेळ आहे." सारा म्हणजे बायबलातल्या अब्राहामाची बायको, हे मला तिनेच सांगितलं.

आणि एकेचाळिसाव्या वर्षी तिला दिवस गेले. काका रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सिस्टर, वाचा. मी तीनदा वाचलाय, पण माझं इंग्रजी कच्चं आहे." मी वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावला. त्या महिन्यांत त्यांच्या प्रार्थना थोड्या लांबल्या, पण कोणी कुरकुर केली नाही.

आठवा महिना होता. दुपारी साडेबाराच्या सुमाराला आम्ही कळा सुरू झालेल्या एका बाईला घेऊन महाडला निघालो. वरच्या वाडीतली कोवळी पोर, पहिलटकरीण. बाळ अडलं होतं आणि पोलादपुरात शस्त्रक्रियेची सोय नव्हती. निम्मा रस्ता गेल्यावर माझा फोन वाजला. काका गाडी चालवताना फोन घेत नसत, म्हणून त्यांच्या शेजारणीने मला लावला होता. काकूंना रक्तस्राव सुरू झाला होता, थांबत नव्हता. गाडी कुठे आहे, असं ती विचारत होती.

मी मधल्या खिडकीतून त्यांना सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली. मागे वळून आधी त्या पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"परत फिरून तिला घेतलं तर अर्धा तास जाईल," ते म्हणाले. "हिच्याकडे अर्धा तास आहे का?"

मी पोरीच्या पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके पुन्हा ऐकले. ते मंदावत चालले होते. खोटं बोलता आलं असतं. 'बघू या' असंही म्हणता आलं असतं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी गाडी महाडच्या दिशेने काढली. मी शेजारणीला सांगितलं, मिळेल त्या गाडीने निघा. तिने दोन ठिकाणी धावून एक जीप मिळवली. काकू महाडला पोचल्या तोवर दीड तास उलटला होता. त्या वाचल्या. मुलगा होता, तो गेला.

त्या वाडीवरच्या पोरीला त्याच दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

संध्याकाळ व्हायच्या आत बाळाला माती द्यायची होती. ख्रिस्ती दफनभूमी जवळपास कुठे नव्हती आणि बायकोला तशी सोडून काकांना गावी जाता येत नव्हतं. मी वडिलांना फोन केला. आमच्या वस्तीच्या स्मशानाला लागून सावित्री नदीच्या काठावर लहान मुलांना पुरायची जागा आहे. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "खड्डा केवढा लागंल?"

उपासनेच्या खोलीतले चार-पाच लोक आले, आमच्या वस्तीतले आठ-दहा होते. काकांनी स्वतःच बायबलातला एक उतारा वाचायला घेतला. दुसऱ्या ओळीला थांबले ते थांबलेच. उरलेला त्यांच्यातल्याच एकाने वाचला.

बारा-तेरा दिवसांनी त्या पोरीचा सासरा पेढे घेऊन रुग्णालयात आला. त्याला काही ठाऊक नव्हतं. "तुमच्यामुलं नात दिसली," म्हणत त्याने आधी काकांपुढे पुडा धरला. मी दारात उभी होते, मला त्याला अडवता आलं नाही. काकांनी पेढा घेतला. पूर्ण खाल्ला. नातीचं नाव काय ठेवलं, हेही विचारलं. मग गाडी धुवायला गेले.

त्यानंतर रुग्णालयात कोणी त्यांना फादर म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

काकूंनी उपासनेला जाणं सोडलं. शिवणयंत्रावर कापड घातलं ते काढलं नाही. मी भेटायला गेले की त्या उठून आतल्या खोलीत जात. 'नाही' कोण म्हणालं होतं, ते त्यांना माहीत होतं. काका चहा करत, कप माझ्या हातात देत आणि आम्ही दोघं आतल्या शांततेकडे कान देऊन बसत.

एकदा मी त्यांना विचारलंच, की मी चुकले का?

"तुम्ही खरं सांगितलंत," ते म्हणाले. "त्याबद्दल तुमच्यावर राग धरला तर मी प्रार्थना कोणत्या तोंडाने करू?"

"आणि देवावर? त्याच्यावर राग नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "रोज विचारतो त्याला. अजून बोललेला नाही. पण सुतकातल्या घरात माणसं येऊन नुसती बसतात ना, तसा तो बसलाय. उठून गेलेला नाही. तेवढ्यावर चाललंय माझं."

मला हे पटलं नव्हतं. आजही पटलंय असं म्हणवत नाही. पण त्या घरात बसून ते खोडून काढण्याचा धीर मला झाला नाही.

पुढच्या पावसाळ्यात सावित्रीचं पाणी महाडात शिरलं. पाणी ओसरल्यावर कळलं की स्मशानाजवळचा काठ ढासळून वाहून गेला आहे, त्या लहान जागेसकट. काका चिखलातून तिथवर गेले, पाहून परत आले. तेवढ्यात विजेचा झटका बसलेल्या एका माणसासाठी बोलावणं आलं. त्या दिवशी त्यांनी गाडीत बसताच चावी फिरवली. टोपी डोक्यावरच होती. मी मागे बसून पाहत होते आणि देवाला न मानणारी असूनही ती टोपी कधी निघते याची वाट पाहू लागले. मैल-दीड मैल गेल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. टोपी काढली. या वेळी ओठही हलले नाहीत. मग निघाले.

तो माणूस आमच्या गाडीतच दगावला.

तीन-चार वर्षांनी त्यांचा ठेका संपला आणि ते गावी परतायचं म्हणू लागले. निघण्याच्या दिवशी मी स्टँडमागच्या त्यांच्या खोलीवर गेले. टेम्पोत सामान भरलेलं होतं. काकू पुढे बसल्या होत्या. मी लांबूनच हात जोडले. त्यांनी मला जवळ बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"ती मुलगी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, अंगणवाडीत जाते. फार बडबडी आहे.

त्यांनी मान हलवली. टेम्पो घाटाच्या रस्त्याला लागला.

गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. काका गेले होते, झोपेतच. पंधरवडा होऊन गेला होता. त्रास झाला नाही, म्हणाल्या. त्या एकट्याच घरी असतात. मी विचारलं, की दिवस कसा जातो?

"यंत्र काढलंय परत," त्या म्हणाल्या. "आणि रविवारी आमच्या देवळात, चर्चमध्ये जाते. विश्वास परत आला म्हणून नाही, सिस्टर. बाकावरची त्यांची जागा रिकामी राहते, ते सोसवत नाही. म्हणून तिथे जाऊन बसते."

मी म्हणाले, येते एकदा भेटायला. अजून जाणं झालेलं नाही.