बारा रेघा

बसवराजअण्णांचे तोंड दिवसभर चालू असे. नमुन्याच्या नळीचे झाकण उघडले की ते बंद होई. झाकण लागले की अर्धे राहिलेले वाक्य ते तिथूनच पुढे नेत. पहिल्या भेटीत मी भलत्या वेळी प्रश्न विचारला. अण्णांनी डोळे वटारले, सावकाश झाकण लावले आणि मग म्हणाले, "सुम्निर्री! गप बसा म्हनलं, पेपरवाले. थुंकीचा एक थेंब उडाला की आरएनए मरतंय. तुमच्या बातमीपेक्षा लई नाजूक हाय ते."

सोलापुरातल्या एका रुग्णालयात ते प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर तिथे अभ्यास सुरू होता. पेशीतले काही आरएनए प्रथिने बनवत नाहीत. अशा एका आरएनएचे प्रमाण गाठीत जास्त असेल, तर ते रुग्ण कमी जगतात का, हे तपासायचे होते. अण्णांचे वडील चादरीच्या कारखान्यात होते. अण्णा म्हणत, "मागावरचं जेकार्डचं कार्ड बघितलंय का? कापडात त्याचा एक धागा न्हाय. पन नक्षी तेच ठरवतंय. तसं हाय हे."

निकाल रुग्णाला सांगायचा नाही, असा नियम होता. अभ्यास रुग्णांच्या गटाचा होता. एकेका माणसाबद्दल त्यावरून ठाम काही सांगता येत नव्हते. तरी नातेवाईक दारात येऊन विचारत. अण्णांचे उत्तर ठरलेले असे : "हितं नळ्या असत्यात, मानसं न्हाईत."

एका उन्हाळ्यात ते गॉगल लावून कामावर येऊ लागले. सहकारी रेश्मा म्हणाली, "अण्णा, हिरो झालात की!" ते म्हणाले, "ऊन लई हाय." आठ दिवसांनी तिनेच तो काढायला लावला. डोळे पिवळे होते. पोट न दुखता झालेल्या काविळीचा अर्थ त्या खोलीत अण्णांइतका कोणालाच ठाऊक नव्हता. आठही दिवस तो त्यांना ठाऊक होता.

त्यांच्याच स्वादुपिंडात गाठ निघाली; शस्त्रक्रिया ठरली. तिचा तुकडा अभ्यासाला देण्याच्या कागदावर त्यांनी आधीच सही केली होती. भूल देण्यापूर्वी ते रेश्माला म्हणाले, "बर्फ घे आन् पळ. लिफ्टची वाट बघू नगंस."

दोन महिन्यांनी ते कामावर परतले. साठवलेल्या बारा नमुन्यांची तपासणी त्यांच्याच हातून व्हायची होती; त्यांत एक त्यांचाही होता. अभ्यासाच्या डॉक्टरांनी रजा घ्यायला सांगितले. त्यांनी ऐकले नाही. फक्त रेश्माकडून सगळ्या नळ्यांवरचे क्रमांक बदलून घेतले. नवी यादी तिने डॉक्टरांकडे दिली. आपली नळी कोणती, हे अण्णांना कळणार नव्हते.

तपासणीच्या दुपारी मी तिथे होतो. यंत्राच्या पडद्यावर बारा रेघा सरकत होत्या. ज्या नमुन्यात तो आरएनए जास्त, त्याची रेघ आधी वर उठते. बराच वेळ सगळ्या आडव्या होत्या. मग एकच उठली. बाकीच्या अकरा अजून खालीच होत्या. अण्णांनी टेबलाची कड धरली. सगळी झाकणे बंद होती, तरी ते बोलत नव्हते.

"अण्णा, ती तुमची नसेल," मी म्हणालो.

"नसंल तर दुसऱ्या कुनाची हाय की." मग ते पुढे म्हणाले, "आत्ता मनात म्हनलं, देवा, दुसऱ्याची असू दे. त्येची बायको पन भायेर बाकड्यावर बसली असंल."

"हितं नळ्या असत्यात, मानसं न्हाईत," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाही.

दिवाळीआधी अण्णा गेले. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या पत्नी शांताकाकू मला म्हणाल्या, "ती रेघ ह्यांचीच हुती का, तेवढं इचारा की."

मी प्रयोगशाळेत गेलो. रेश्मा नळी उघडून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले, बोलली नाही. झाकण लागेपर्यंत मी दारात थांबलो. ती रेघ अण्णांची नसली, तर दुसऱ्या कुणाची होतीच. मी न विचारताच परत आलो.