स्वर्गाला तयार, पुण्याला नाही

आमची आई स्वर्गात जायला एका पायावर तयार आहे. दुसरा पाय जानेवारीत न्हाणीत घसरला, तेव्हापासून तिला पुण्याला आणायचा घाट आम्ही घातलाय. एक खोली रिकामी केली, बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या. "ईस्टर होऊ दे," एवढंच तिचं उत्तर. म्हणून ईस्टरच्या आदल्या शनिवारी गाडीची डिकी मोकळी करून मी एकटाच सोलापूरला निघालो.

रस्ता सरळ, रुंद आणि कमालीचा कंटाळवाणा. पाच तास धरा, फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. भिगवणला मासे खायला थांबा. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आम्ही मटण सोडतो, त्यामुळे मी तळलेली चिलापी दोनदा मागवून त्यागाची हद्द गाठली. आणि एप्रिलात सोलापुरात भरदुपारी पोचू नका. मी दोनला पोचलो.

आई दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, पत्र्याच्या दोन खोल्यांत एकटी राहते. दारात बॅगा असतील असं मला वाटलं होतं. दारात बादली होती.

"बॅग भरलीस?"

"चुना भिजवलाय. आदी जेव."

कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. चटणी विकत नेणार असाल तर खुशाल न्या, पण ती ही नव्हे.

ईस्टरला पहाटेची उपासना आमच्याकडे दफनभूमीत होते. त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत घरोघरचे लोक आपापल्या कबरींना चुना देतात आणि वर काळ्या रंगाने नाव पुन्हा घालतात. ऊन उतरल्यावर आईने बादली माझ्या हातात दिली. "तू हो म्होरं, मी येते हळूहळू."

पप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली, त्यानंतर मी दफनभूमीत फिरकलो नव्हतो. पण कडुलिंबाखालची जागा पक्की लक्षात होती. नाव उडालेलं, क्रूस धुळीने माखलेला. मी झाडलं, घासलं, दोन हात चुना दिला. गहिवरूनही घेतलं. मधेच आई येऊन सावलीत बसली आणि बघत राहिली. चुना वाळल्यावर मी काळा रंग उघडला.

"आता नाव घाल," ती म्हणाली. "शमुवेल."

"कोण शमुवेल?"

"शमुवेल मास्तर. ब्येस केलीस की. तुझे पप्पा पल्याडच्या वळीत हायत. त्यांचं कालच झालं."

"आधी का नाही बोललीस?"

"मास्तरांची पोरं आस्ट्रेलियात. न्हायतरी मलाच करायची व्हती."

मग तिने बोट दाखवत बाकीच्या सांगितल्या. ह्यांचे लोक मुंबईला, त्यांचा मुलगा फोन उचलत नाही, त्या बाईंचं कुणीच नाही. अकरा कबरी. त्या दुखऱ्या पायाने ती आठवडाभर हेच करत होती, आणि फोनवर मला "आराम करतेय" सांगत होती. मला तिचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली.

रविवारी पहाटे पाळकसाहेबांनी सांगितलं की आपण या जगात भाडेकरू, कायमचं घर वर आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, पंख्याखालच्या जागेवरून भांडणाऱ्यांनीही डोलावल्या. सगळ्यात जोरात आईने.

दफनभूमीतून घरी परतताना मी संधी साधली. "इथे भाडेकरूच आहेस ना? मग पुण्यात भाडेकरू हो. पंखा आहे, लिफ्ट आहे."

"आरं, एक दिवस ही सगळी कबरीतनं उटतील. तवा वळखीचं कोन नको का हितं?"

"देवदूत असतील की."

"देवदूतांना मास्तर ठावं हायत व्हय?"

थोडं चालून ती थांबली. "हितनं गेले तर घरातनं घरी जाते. तुझ्याकडनं गेले तर पावनी म्हनून जाईन. तुमी लई चांगले हाव, पर पावनी म्हनून मरायचं न्हाय मला."

सोमवारी डिकीत चटणी, भाकऱ्या आणि एक सोलापुरी चादर घेऊन मी परत आलो. बायकोने डिकीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चादर त्या रिकाम्या खोलीत अंथरली. दांड्यांवर आता टॉवेल वाळतात. स्वर्गावर माझा तेवढा विश्वास नाही; पण आईला जिथे थांबायचंय ते ठिकाण मी बघून आलो आणि मला आईची फार आठवण येते. पुढच्या ईस्टरला दोन बादल्या नेणार आहे.

जाता जाता, कसं पोचायचं ते. दफनभूमीच्या फाटकातून सरळ कडुलिंबापर्यंत जा. झाडाखाली शमुवेल मास्तर, मागच्या ओळीत माझे पप्पा, त्यांच्या शेजारी एक जागा मोकळी. मास्तरांच्या मुलांपैकी कुणी हे वाचत असेल तर, तुमच्या वडिलांची कबर यंदा झाली. नाव माझ्या अक्षरात आहे, जरा तिरकं आलंय. एकदा येऊन बघून जा. चहा आई देईल. आई नसेल तेव्हा मी असेन.