तुम्ही प्या, मी बघतो

दिनकरराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत एका सत्कार समारंभात बसलो होतो. चौथा वक्ता बोलत होता आणि सत्कारमूर्तींनी नेमकं केलं काय, हे अजून बाहेर आलं नव्हतं. मंचावर प्रत्येकापुढे पाण्याची बाटली होती, एक घोट घेऊन बाजूला सारलेली. शालनवहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, सकाळीच गेले. मी चहाचं आधण ठेवलं होतं..." मी उठून बाहेर आलो. त्या बाटल्या मात्र डोळ्यांसमोरून हलेनात. ज्याला घोट मोजून पाणी प्यावं लागत होतं, त्या माणसाच्या मरणाची बातमी मला अशा मंचासमोर कळावी...

इंदापूरच्या एका शाळेत आम्ही बरोबर नोकरी केली. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. मूत्रपिंडाचा धडा ते नेमका दिवाळीच्या सुट्टीआधी घ्यायचे. मुलांना विचारायचे, घरी आई साफसफाई कशी करते? कचरा शोधत डब्यांमागे हात घालत बसते का? नाही. आधी सगळं सामान अंगणात काढते, मग लागेल ते एकेक उचलून आत नेते. उरतं ते टाकायचं. मूत्रपिंडाची रीत हीच. तिथल्या बारीक चाळण्यांतून रक्तातलं पाणी, साखर, मीठ, युरिया असं सगळं खाली गाळून येतं. रक्तपेशी आणि प्रथिनं तेवढी मोठी म्हणून वरच राहतात. मग लांबलचक नळ्यांमधून साखर परत आत, लागेल तेवढं मीठ परत आत, पाणी तर बहुतेक सगळंच आत. दिवसभरात हौदभर गाळायचं आणि तांब्याभर बाहेर टाकायचं. एकदा उसाच्या फडावरून आलेल्या एका पालकाने विचारलं होतं, उन्हात राबल्यावर लघवी पिवळीजर्द का होते. दिनकरराव म्हणाले, "अंगात पाणी कमी पडलं की किडनी जास्त पाणी राखती. कचरा तेवढाच, पाणी थोडं. म्हणून रंग गडद." शाळेला भेट द्यायला येणाऱ्या साहेबांच्या भाषणांपेक्षा हे उत्तर पोरांच्या जास्त ध्यानात राहिलं असणार. माझ्या तरी राहिलं.

रक्तदाबाने त्यांचीच मूत्रपिंडं निकामी केली, तेव्हा ते निवृत्त होऊन डाळजला राहायला गेले होते. डायलिसिससाठी बारामतीला यायचे. त्याबद्दल म्हणायचे, "मशीन आठवड्यातनं दोनदा दिवाळी करतं. किडनी रोज करायची, आन् आपल्याला पत्ता न्हवता." लघवी जवळजवळ बंद झाली होती. प्यालेलं पाणी आधी पायात उतरायचं, मग छातीत. म्हणून वहिनींनी माठावर एक छोटा स्टीलचा पेला पालथा घातला होता. तो त्यांचा. त्याच्या हिशेबानेच दिवस काढायचा.

पण आपल्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने कोण जातं? लोक शहाळी आणत. अशक्तपणावर शहाळं, तापावर शहाळं, तसंच यावरही शहाळं. त्यात पोटॅशियम भरपूर. निकामी मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत आणि रक्तात साचलं की हृदयाचा ठोकाच बिघडतो. दिनकररावांइतकं हे कुणाला ठाऊक असणार? पण जगायचं तर माणसांना नाही म्हणायला शिकणं भाग होतं, आणि तेवढंच त्यांना येत नव्हतं. तसं एका पुढारी झालेल्या विद्यार्थ्याला त्यांनी सहज परतवलं. तो गाड्या घेऊन आला, शहाळ्याबरोबर फोटो काढून गेला. त्याला ते प्यालं जातंय की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. अडले ते महादूतात्यांपाशी. हे त्यांचे वयस्कर शेजारी, एकेकाळी मेंढरं राखलेले. तात्यांनी शहाळं स्वतः फोडून हातात दिलं आणि पीत नाहीत तोवर समोरून हलले नाहीत. दिनकरराव प्याले. वहिनी तेव्हा मागे गोठ्यात होत्या. संध्याकाळी छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बारामतीला न्यावं लागलं. त्या खेपेला थोडक्यात वाचले.

ते घरी आल्यावर मी भेटायला गेलो, तर महादूतात्या दारातच उभे. हातात शहाळं. आधीच्या शहाळ्याने काय झालं, ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वहिनींचा चेहरा कठीण झाला. दिनकररावांनी तात्यांना बसवलं आणि दिवाळीचा धडा पहिल्यापासून सांगितला.

तात्यांनी विचारलं, "मग मास्तर, आता काय बिघडलंय म्हणायचं?"

"सामान बाहेर काढणारीच झोपलीया. जे येतंय ते घरातच साचतंय."

तात्यांनी हातातलं शहाळं खाली ठेवलं. "म्हंजी त्या दिशी म्या तुमाला..."

"त्या दिशी मी प्यालो," दिनकरराव म्हणाले. "आज न्हाय पिणार. तुमी प्या, मी बघतो."

"तुमच्या म्होरं? मला न्हाय जायाचं गळ्याखाली."

"प्या की. तुमची चालू हाय, तिला काम द्या."

तात्या प्याले. हळूहळू, मान खाली घालून. आणि दिनकरराव बघत होते... एखादा पोरगा फळ्यावर बरोबर उत्तर लिहीत असावा तसे. मग तोच पायंडा पडला. कुणी काही आणलं की तो धडा ऐकायचा, आणि आणलेलं आणणाऱ्यानेच त्यांच्यासमोर संपवायचं. पाणीसुद्धा. कुणी अर्धा तांब्या ठेवला की म्हणायचे, "ते कुणासाठी ठेवलं?" असे ते आणखी बरेच दिवस जगले. अखेर हृदयच थांबलं. पण कुणाच्या आग्रहामुळे नव्हे.

परवा डाळजला गेलो. चौकात त्यांचा फ्लेक्स आहे. त्यात त्यांच्या फोटोपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे. घरात माठावर तो पेला तसाच पालथा होता. वहिनींनी तो उचलून बाजूला ठेवला, तांब्या भरला, आणि पेला परत पालथा घातला. मी पाणी प्यालो. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, तळाला काही न ठेवता. त्या घरात जो प्रश्न वहिनींना इतके दिवस विचारता आला नव्हता, तो त्यांनी विचारला.

"अजून देऊ?"

तहान नव्हती. मी तांब्या पुढे केला.