मास्तरीणबाईंची चुकीची काटकसर

कारखान्यात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे आणि ते तिला मनापासून आवडायचं. शिवणाऱ्या बायका बावीस, पण कापणारी, म्हणजे कटिंगची मास्तर, ही एकटी. तिथे वेल्डिंगवाल्यांचे जाड कॅनव्हासचे एप्रन तयार व्हायचे. सरळ कापायला विजेचं यंत्र होतं, पण गळ्याची गोलाई आणि खिशाचे कोपरे ते कुरतडून ठेवायचं, म्हणून तेवढं काम हातकात्रीचं. कात्री वीतभराहून लांब आणि चांगली जड. दुसऱ्या कुणी तिला हात लावला तर बाई अशी डोळे वटारायची की समोरचा कात्री जिथल्या तिथे ठेवून मोकळा व्हायचा.

चार महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट कुरकुरायला लागलं. आधी तळहातात, बोटाच्या मुळाशी दाबलं की कळ. मग सकाळी उठावं तर बोट वाकलेलंच. डाव्या हाताने धरून ओढायचं, की टक् करून उघडायचं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. शेजारी नवरा झोपलेला असायचा. त्याच्यापासून ते टक् लपवायची गरजच नव्हती, कारण तो जन्मापासून बहिरा.

म्हणून ते घर मुकं होतं असं समजू नका. कसलं मुकं! नवरा सुतार, मागच्या पडवीत त्याचं काम चालायचं आणि माणूस एक नंबरचा बडबड्या. सगळी बडबड हातांनी. लग्न ठरल्यावर तिने ती भाषा त्याच्याकडूनच शिकून घेतली आणि अठरा वर्षांत इतकी पटाईत झाली, की भांडणात त्याला बोलूच द्यायची नाही. भांडण निघालं की हातातली भांडी आधी खाली ठेवावी लागायची, तेवढ्यात निम्मा राग उतरायचा. उरलेला उतरला नाही तर ती सरळ दिवा घालवायची. मग काय बोलतोस बोल! तो अंधारात चडफडत बसायचा आणि थोड्या वेळाने दोघंही हसायची.

तर बोट. कारखान्यातल्या इस्त्रीवाल्या काकांनी निदान केलं, "अगं पोरी, जोर गेलाय बोटातला. रबरी चेंडू घे आणि दाब. शंभरदा सकाळी, शंभरदा संध्याकाळी." काकांना इस्त्रीतलं सगळं कळतं, बाकीचंही कळतं असा त्यांचा समज. बाईने इमानेइतबारे चेंडू दाबला. बोट आणखी बिघडलं.

मग तिने स्वतःचं डोकं चालवलं, आणि इथेच घोटाळा झाला. बोट एक, त्याला कामं दोन. दिवसा कात्री, संध्याकाळी बोलणं. बोटाला विश्रांती द्यायची तर एक काम कमी करायला हवं. कात्री सोडता येत नाही हे तिने धरूनच ठेवलं होतं. कात्री सुटली की आपण कोण? बावीस बायकांतली तेविसावी. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, सोड ते काम. म्हणून तिने त्याला काहीच सांगितलं नाही आणि बोलण्यात काटकसर सुरू केली. लांब वाक्यं गेली, मग छोटी गेली, मग नुसती मान डोलवणं उरलं. घरी आली की हात मांडीवर ठेवून बसायची.

त्याने विचारलं, "काय झालं?" तिने मान हलवली, काही नाही. त्याने विचारलं, "माझं काही चुकलं का?" पुन्हा तेच. तो दिवसभराच्या गोष्टी सांगत राहिला. कुणाचं कपाट, कुणाच्या दाराची बिजागरी, कोण गिऱ्हाईक काय म्हणालं. ती नुसती बघायची. हळूहळू त्याचंही सांगणं आटलं. जेवताना दोघं आपापल्या ताटात बघायला लागली. तिला ते दिसत होतं हो, दिसत कसं नव्हतं! पण ती मनाशी म्हणायची, एकदा बोट बरं झालं की सगळं भरून काढू.

शुक्रवारी ती घरी आली तर टेबलावर मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी. अठरा वर्षांत त्याने तिला सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. चिठ्ठीत होतं, "उद्या संध्याकाळी सातच्या बसने जातोय. फर्निचरच्या कारखान्यात काम मिळालंय, लांब आहे. तिथे माझ्यासारखे चौघं आहेत, त्यांच्याच खोलीवर राहीन. बोलायला कुणीतरी असेल."

पडवीत तो दाराकडे पाठ करून रंधा मारत होता. ती दारात उभी राहिली. काय सांगायचं आणि कशाने सांगायचं? दिवसभर कात्री चालवून हाताचं लाकूड झालं होतं. उद्या सकाळी बोलू, असं म्हणून ती आत गेली. सकाळी उठली तेव्हा तो लाकडाच्या वखारीकडे निघून गेला होता.

शनिवारी साठ गळे कापायचे राहिले होते. डोकं ठिकाणावर नाही, नजर सारखी घड्याळावर. दुपारी दोनच्या सुमारास अर्ध्या गोलाईवर बोट अडकलं. कात्रीच्या कडीतच वाकलं ते वाकलं. तिने जोर लावला, कळ खांद्यापर्यंत गेली आणि पातं घसरून आठ थरांच्या गळ्यातून आरपार गेलं. हात बाहेर निघेना. बायका गोळा झाल्या, कुणी साबणाचं पाणी आणलं. बोट सुटलं तेव्हा ते सुजून लाल झालं होतं आणि मास्तरीणबाई सगळ्यांसमोर रडत होती. सुपरवायझर म्हणाला, "कापड मरू दे ताई. आधी डॉक्टरकडे जा."

दवाखान्यात तिच्या आधी नऊ जण. साडेतीन झाले, चार झाले, पाच झाले. ती दोनदा उठून दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. आत गेली तेव्हा साडेपाच वाजत आले होते. हाताच्या डॉक्टरीणबाईंनी तळहातात बोटाच्या मुळाशी अंगठा ठेवला आणि विचारलं, "काम काय करता?"

"कापड कापते."

"मग तुम्हाला लगेच कळेल. बोट वाकवणारी दोरी म्हणजे नाडा समजा. तो नेफ्यातून पुढेमागे सरकतो. तुम्ही दिवसभर मूठ आवळता, वर कात्रीची कडी नेमकी तिथेच रुतते. नाडा सुजलाय, नेफा आखडलाय. सुजेची गाठ नेफ्याच्या तोंडाशी अडते. ओढलं की टक् करून सुटते आणि आणखी सुजते. ओढायचं नाही."

"आणि चेंडू दाबायचा?"

"कसला चेंडू?"

तिने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "सुजलेल्या बोटाला रोज दोनशेदा छळलंत! फेका तो." मग त्या सांगत गेल्या आणि लिहीत गेल्या. सहा आठवडे कात्री बंद. रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी. सकाळी कोमट पाण्यात हात. फरक नाही पडला तर इंजेक्शन, त्यानेही नाही पडला तर छोटंसं ऑपरेशन. पुढे कात्री हलकी आणि धारदार घ्यायची, बोथट कात्रीलाच जास्त आवळावं लागतं. कडीला मऊ कापड गुंडाळायचं आणि वीस मिनिटं कापलं की हात मोकळा सोडायचा. "दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही, त्याआधीच थांबायचं. पण बोट नुसतं पडूनही ठेवायचं नाही. जोर न लावता, अडेल त्याच्या अलीकडेपर्यंत, हलकेच उघडमीट करायची. या हाताने आणखी काय करता?"

"बोलते," ती म्हणाली. "म्हणजे बोलायचे. नवऱ्याला ऐकू येत नाही. बोटाला विश्रांती हवी म्हणून ते बंद केलंय."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "दाखवा बरं, कसं बोलता."

तिने दाखवलं. मी आज दवाखान्यात आले. माझ्या आधी नऊ जण होते. बोटं उघडली, मिटली, पसरली. एकदाही आवळावी लागली नाहीत.

"अहो बाई, हाच तर व्यायाम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही अगदी उलटं केलंत."

कुणी तोंडात मारावी तशी ती बसून राहिली. इतके दिवस! इतके दिवस त्या माणसाला अबोल्याने मारलं, आणि कशासाठी? भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजायला दहा मिनिटं होती. पट्टी घेतली, कागद घेतला आणि ती पळत सुटली.

घरात शिरली तेव्हा बॅग दाराशी भरून ठेवलेली. पडवीत तो पटाशा एकेक करून फडक्यात गुंडाळत होता. तिने फरशीवर पाय आपटला. ते हादरे त्याला बरोबर कळायचे. त्याने मान वर केली नाही. ती समोर गेली, तो दुसऱ्या अंगाला वळला. दिवा तीनदा लावला, तीनदा घालवला, तरी तो पटाशांकडेच बघत राहिला. बहिऱ्या माणसाने बघायचंच नाही असं ठरवलं, की त्याने आतून कडी घातलीच म्हणायची. सव्वासहा वाजून गेले होते. स्टँडपर्यंत चालत वीस मिनिटं.

आता मात्र तिला राग आला. त्याचा, स्वतःचा, काकांच्या चेंडूचा, सगळ्याचा एकदम. तिने त्याच्या हातातली पटाशी काढून बाजूला ठेवली, त्याचा अंगठा धरला आणि आपल्या तळहातात, बोटाच्या मुळाशी दाबून धरला. मग तिने बोट मिटलं, ते वाकून तिथेच अडकलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ओढायचं नाही. तिने एकदाच ओढलं. गाठ अडली आणि त्याच्या अंगठ्याखाली सटकन सरकली. त्याने एकदम वर बघितलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"चार महिने."

"चार महिने!" तो म्हणाला. "मला वाटलं तुला माझा कंटाळा आला. मी रोज आठवून बघायचो, माझं काय चुकलं."

"हात वाचवत होते," ती म्हणाली. अडणारं बोट मागे राहत होतं, बाकीची बोटं त्याच्यासाठी थांबत होती.

"कशासाठी?"

इथे काहीही सांगता आलं असतं. तिने खरं तेच सांगितलं. "कात्रीसाठी."

तो स्टुलावर बसला. "हात कात्रीसाठी ठेवलास. माझ्यासाठी नाही."

"चुकले," एवढंच ती म्हणाली. मग म्हणाली, "सहा आठवडे कात्री बंद. एप्रनच्या घड्या घालायला बसेन, नाहीतर घरी बसेन. तुला जायचं असेल तर जा. पण मी गप्प आहे म्हणून जाऊ नकोस."

त्याने घड्याळाकडे बघितलं. उठला, दाराशी गेला, बॅगेजवळ उभा राहिला. मग परत आला, स्टूल ओढून तिच्यासमोर ठेवलं आणि बसला.

"बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"चार महिन्यांचं. सगळं."

तिने सुरुवात केली, अगदी पहिल्या कळेपासून. कारखान्यातल्या बायका, काका, त्यांचा चेंडू, तेविसावी होण्याची भीती. हळूहळू, जोर न लावता. सातची बस सुटली तेव्हा ती पहिल्या महिन्यातच होती. डोळे वाहत होते, नाक वाहत होतं, पण पुसायला हात मोकळा कुठे होता? शेवटी त्यानेच आपल्या शर्टाच्या बाहीने तिचं तोंड पुसलं आणि मान हलवली, पुढे सांग.