सुवर्णाचा उघड्या दारांचा नकाशा

सुवर्णा गेली त्याला आज एक वर्ष झालं, आणि आज सकाळी मी तिच्या कामाची वाट लावणार होते.

तिचा नकाशा शोधून गठ्ठाभर प्रिंट काढल्या होत्या. वर तिचा हसरा फोटो. मुलुंड स्टेशनबाहेर वाटायच्या, असा प्लॅन होता.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

आम्ही दोघी एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग करायचो. दिवसभर लोकांच्या मास्टर बेडरूम, अटॅच्ड बाथरूमसकट.

आणि माझी आई मार्केटात मासळी विकते. पहाटे घर सोडलं की दुपारपर्यंत पाण्याचा घोट नाही. प्यायलं तर जायचं कुठे? आमच्या कोळणी याला त्रास म्हणतच नाहीत, सवय म्हणतात.

या सवयीपायी आईला दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं.

सुवर्णा म्हणाली, "थांब, काकूंसाठी मी नकाशा काढते."

त्यात मॉल नव्हते, मेट्रो नव्हती. बायकांना जाता येईल अशी उघडी टॉयलेट फक्त, हिरव्या खुणेने. आणि जिथे मधे एकही उघडं दार नाही, तो रस्ता ती मुद्दाम लांब काढायची. त्यामुळे कांजूरमार्ग पार कुठच्या कुठे गेलं होतं.

मी हसले. "ए, कांजूर कुठे नेऊन ठेवलंस?"

"लघवी धरून चालून बघ. तेवढंच लांब वाटतं."

दर रविवारी वही घेऊन फिरायची. आतून कडी लागते का, नळाला पाणी आहे का, स्वतः आत जाऊन बघायची.

आणि तरी पहिलाच नकाशा चुकला.

आई हिरव्या खुणेच्या भरवशावर दोन ग्लास पाणी प्यायली. गेली, तर दाराला कुलूप.

घरी आली ती ओल्या लुगड्याने. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "परत मना कागद दाखवू नको गो बाय."

दुसऱ्या दिवशी सुवर्णा तडक तिथे गेली. चावीवाला धावत आला आणि कुलूप उघडून बाजूला उभा राहिला.

"वही बघून उघडतात यार," तिने मला तिथूनच फोन केला. "त्यांना वाटतं इन्स्पेक्शनला कुणी आलंय."

त्यानंतर वही घरीच. साधी चप्पल, हातात भाजीची पिशवी. बघितलेलं सगळं लक्षात ठेवून घरी आल्यावर लिहायची. हिरव्या खुणा निम्म्यावर आल्या.

मग आईच्या पाटीसमोर बसून म्हणाली, "काकू, माझं चुकलं."

आईने नवा कागद घडी करून कमरेला खोचला, आणि थोडं थोडं पाणी प्यायला लागली.

दर महिन्याला सुवर्णा पुन्हा फिरायची. नवा नकाशा झाला की जुना स्वतः फाडायची.

मग डेंग्यू झाला. चार दिवसांत गेली. मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

आज पहाटे मी गठ्ठा पिशवीत भरत होते. आईने वरचा कागद उचलला.

"ह्यो कवाचा?"

"वर्षापूर्वीचा. तिची आठवण म्हणून वाटतेय."

"नको वाटू. एखादी इस्वासानं पानी पिल."

आई मार्केटला गेली. मी बसले, उठले, परत बसले. चहा गार झाला.

वर्षभर तिचे फोटो स्टेटसला लावले. एक दार ढकलून पाहिलं नाही. आणि आई? ती पुन्हा पाणी प्यायची कधी थांबली, तेही मी विचारलं नव्हतं.

सगळ्या प्रिंट फाडल्या. एक फोटो तेवढा कापून ठेवला.

तुम्ही खाली हात जोडलेले इमोजी टाकाल. टाका. मी उत्तर द्यायला घरी नसेन.

सुवर्णा, पिशवी घेतली आहे. वही टेबलावरच ठेवलीये.

येते गं.