ताईची वेणी

आदिलाबादजवळ इचोड्याला ढाब्याशेजारी माझं किराणा दुकान आहे. नागपूर-हैदराबादचे ट्रक तिथं चहाला थांबतात. कधी एखाद्या ट्रकमधून डोकं ठिकाणावर नसलेलं माणूस उतरतं आणि ट्रक त्याला तिथंच टाकून निघून जातो. लांब कुठंतरी सोड, असं घरच्यांनीच ड्रायव्हरला सांगितलेलं असतं.

मागच्या हिवाळ्यात एक बाई अशीच उतरली. तिची बोली कुणालाच कळेना. माझ्या मोठ्या बहिणीनं, ताईनं, तिला पाणी नेऊन दिलं. मी मात्र तिच्या केसांकडंच बघत राहिले. ताजं तेल, सरळ भांग, घट्ट वेणी, टोकाला नवी रिबीन. कुणीतरी मायेनं वेणी घातली होती आणि मग तिला ट्रकमध्ये बसवलं होतं.

ताईलाही तोच, डोक्याचा आजार आहे. आई गेल्यापासून तिला मी एकटीच सांभाळते. गोळ्या थुंकल्या की ती हायवेवर जाऊन येणाऱ्या ट्रकला हात दाखवते. बाहेर करकचून ब्रेक लागला की माझ्या हातातलं माप सांडतं.

त्या बाईला पोलीस घेऊन गेले. कुठं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"पयलेसारखे येड्याइचे दवाखाने पायजेत," ढाबेवाले काका म्हणाले. "आत ठेवलं का मिटली कटकट!"

काकांचं काय जातं बोलायला! पण खरं सांगते, मलाही तेच हवंसं वाटलं. आदिलाबादचे डॉक्टर म्हणतात, कायमचं कुणी ठेवून घेत नाही आता, घरीच सांभाळा. घरी म्हणजे मीच. तशा दवाखान्याची भिंत असती तर मला झोप लागली असती. पण त्या भिंतीआड ताईनं पाणी मागितलं आणि तिची भाषाच कुणाला कळली नाही तर? दोन्हीकडून भीतीच वाटते.

परवा गोळ्या आणायला आदिलाबादला जायचं होतं. मी तेलाची बाटली घेऊन ताईच्या मागं बसले. तिनं माझं मनगट गच्च धरलं. त्या बाईची वेणी तिनंही बघितली होती.

"तेल नोको लावू. मले कुठी सोडून राह्यली?"

"गोळ्या आनाले चाललो ताई. संध्याकाळी वापस येऊ."

"मंग पयले तुह्यावाली वेनी घाल."

मी आधी माझ्या केसांना तेल लावलं. मग वेणी घातली. त्या दिवशी तिला सोडायचं माझ्या मनात नव्हतं. पण ते मनात कधीच आलं नव्हतं, असं मी तिला सांगू शकले नाही.